दहा टक्के मोफत, दहा टक्के सवलतीत: धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटेचे परीक्षण

रुग्णालयाच्या फाटकावर ‘धर्मादाय’ असे लिहिलेले असते आणि आत गेल्यावर डिपॉझिटचा आकडा ऐकून नातेवाईक रुग्णाला घेऊन परत फिरतात. परत फिरणाऱ्यांतल्या कित्येकांचा त्याच इमारतीतल्या वीस टक्के खाटांवर हक्क असतो. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या आणि सरकारी सवलती घेतलेल्या महाराष्ट्रातल्या रुग्णालयांनी चालू खाटांपैकी १० टक्के निर्धन रुग्णांना पूर्ण मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकातील रुग्णांना सवलतीच्या दरात द्यायच्या असतात. परीक्षण कुठल्या एका रुग्णालयाचे नाही, या सेवेचे आहे. तिने काय कबूल केले आहे, बिलात ते कसे उतरते आणि नेमके कुठल्या टेबलापाशी अडते, हे पाहायचे आहे.

निकाल आधीच सांगतो. गरिबाला मोठ्या खासगी रुग्णालयाचे दार उघडणाऱ्या जेवढ्या योजना राज्यात आहेत, त्यांत आश्वासन म्हणून ही सर्वांत ऐसपैस आहे. तिच्यात आजारांची यादी नाही, पॅकेज नाही, विम्याचा हप्ता नाही. पण पहिल्याच दिवशी, लेखी आणि नाव घेऊन मागणाऱ्यालाच ती मिळते. न मागणाऱ्याला ती आपणहून सांगितली जाईल या भरवशावर राहू नये. आणि तिच्या रचनेत पैशाचा एक हिशेब असा बसवलेला आहे की चांगल्या मनाने चालवणाऱ्या रुग्णालयालाही तो पुरा पडत नाही. त्याविषयी पुढे सविस्तर.

ही खाट मागताना पुष्कळांना संकोच वाटतो, म्हणून ती आली कुठून हे आधी पाहिले पाहिजे. आपल्याकडची मोठी रुग्णालये दानातून उभी राहिली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासाठी सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १ लाख रुपये दिले आणि १८४५ मध्ये ते सुरू झाले. पुण्याचे ससून १८६७ चे, डेव्हिड ससून यांच्या देणगीतले. दान देणारी ही माणसे अटी घालत आणि त्या पाळल्या जात. पेस्तनजी कामा यांनी पैसे दिले ते स्त्रिया आणि मुलांच्या रुग्णालयासाठी, आणि कारभार स्त्री डॉक्टरांच्या हाती हवा म्हणून. १८८६ मध्ये कामा रुग्णालय उघडले तेव्हा एडिथ पीची तिथे प्रमुख होत्या. परळच्या केईएम रुग्णालयाला जोडलेल्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देणाऱ्या न्यासाने शिकवणारे सगळे भारतीय असावेत अशी अट घातली, आणि १९२६ मध्ये महाविद्यालय व रुग्णालय त्याच अटीवर सुरू झाले. ब्रिटिश अमदानीत ही अट सोपी नव्हती.

पुढे देणगीदार बदलला. देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा आखणाऱ्या १९४६ च्या भोर समितीने पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारावाचून राहू नये असे तत्त्व मांडले. सरकारी रुग्णालये वाढली, पण गरज त्यांच्या पुढे धावत राहिली. तेव्हा न्यासांनी रुग्णालये काढावीत म्हणून त्यांना नाममात्र भाड्याने जमिनी मिळाल्या, आयकरातून सूट मिळाली, जादा चटईक्षेत्र, म्हणजे त्याच जागेवर अधिक बांधकामाची परवानगी, मिळाले. म्हणजे दान आता लोकांच्या तिजोरीतून जाऊ लागले, आणि अट घालण्याचा अधिकारही लोकांचा झाला. केंद्राने १ मार्च १९८८ च्या अधिसूचनेने आयात केलेल्या वैद्यकीय यंत्रांवरचे सीमाशुल्क माफ केले. त्यासाठी निदान ४० टक्के बाह्यरुग्ण मोफत तपासायचे आणि १० टक्के खाटा महिन्याला ५०० रुपयांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी ठेवायच्या, अशी अट होती. यंत्रे आली, अट मात्र बहुतेक ठिकाणी फाइलीतच राहिली. यंत्र आत आले म्हणजे जबाबदारी संपली असे नाही, ती पुढेही चालू राहते, हे शेवटी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

महाराष्ट्रातली अट १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यात आहे. कलम ४१ कक. वकील त्याला ‘४१ डबल ए’ म्हणतात. कलम होते, पण खाट द्यायची म्हणजे काय काय द्यायचे, बिल कसे करायचे, पैसे कुठून आणायचे, यातले काहीच ठरलेले नव्हते. २००४ च्या एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २००६ रोजी सविस्तर योजना मंजूर केली आणि १ सप्टेंबर २००६ पासून ती लागू झाली. आज रुग्णालयाच्या काउंटरवर आपण मागतो ती हीच योजना. जमीन, कर आणि चटईक्षेत्र यांच्या रूपाने तिची किंमत आगाऊ चुकती झालेली आहे. त्यामुळे मागताना खाली मान घालण्याचे कारण नाही.

पात्रतेचा निकष सोपा आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर रुग्ण ‘निर्धन’, ३,६०,००० पर्यंत असेल तर ‘दुर्बल घटकातील’. या मर्यादा पूर्वी ८५,००० आणि १,६०,००० होत्या. जुने फलक अजून कुठे भिंतीवर असतील तर ते पाहून माघार घेऊ नये. ३,६०,००० म्हणजे महिना ३०,००० रुपये. रिक्षाचालक, दुकानातला नोकर, कंत्राटी शिक्षक, लहान शेतकरी, घरकाम करणारी बाई अशी बरीच मंडळी यात बसतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना आपण ‘गरीब योजने’त बसतो हे ठाऊक नसते.

आता बिल. या सेवेचा खरा गाभा इथे आहे आणि फसगतही इथेच होते, म्हणून सावकाश पाहू.

योजना रुग्णालयाच्या खर्चाचे तीन भाग करते. पहिल्या भागाचे बिलच लावायचे नसते: खाट, निवासी डॉक्टर, परिचर्या, रुग्णालय पुरवत असेल तर जेवण, चादरी-कपडे, पाणी, वीज, स्वच्छता आणि सर्वसाधारण उपचारांना लागणाऱ्या नेहमीच्या तपासण्या. दुसऱ्या भागाचे बिल लागते, पण रुग्णालयातल्या सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने: शस्त्रक्रियागृह, शस्त्रक्रिया, भूल, मोठ्या तपासण्या. तिसरा भाग औषधे, कन्झ्युमेबल्स (वापरून टाकायचे साहित्य) आणि इम्प्लांट (शरीरात बसवायचे कृत्रिम भाग) यांचा. हे रुग्णालयाला ज्या भावात पडले त्याच खरेदी किमतीला लावायचे. वेष्टनावर छापलेली किंमत इथे चालत नाही.

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. वृद्ध रुग्णाच्या खुब्याचे हाड मोडले, सात दिवस दाखल. नेहमीच्या पद्धतीने खाटेचे दिवसाला १,५०० प्रमाणे १०,५००, परिचर्या व निवासी डॉक्टरांचे दिवसाला ८०० प्रमाणे ५,६००, नेहमीच्या तपासण्या ४,०००, निमखासगी वर्गाच्या दराने शस्त्रक्रियेचे ७०,००० आणि छापील किमतीने औषधे, कन्झ्युमेबल्स व इम्प्लांट ६०,०००. एकूण १,५०,१००. योजनेप्रमाणे पहिल्या तीन रकमा, म्हणजे २०,१०० रुपये, बिलात यायलाच नकोत. शस्त्रक्रिया खालच्या वर्गाच्या दराने ४५,००० धरू आणि औषधे-इम्प्लांट खरेदी किमतीने ३८,०००. बिल झाले ८३,०००. रुग्ण निर्धन असेल तर त्याने भरायचे शून्य. हे ८३,००० रुग्णालयाने ‘निर्धन रुग्ण निधी’तून वळते करायचे. दुर्बल घटकातला असेल तर तिसऱ्या भागाचे निदान अर्धे, म्हणजे १९,००० रुपये, त्याने भरायचे असतात. उरलेल्या ६४,००० पैकी त्याच्याकडून सवलतीने जे काही घेतले जाईल ते वजा करून बाकी निधीच्या खात्यावर टाकायची. शल्यचिकित्सकाने आपली फी सोडली तर तेवढी रक्कम बिलात धरायचीच नसते.

म्हणून सवलतीचा अर्ज केलेल्या रुग्णाला ‘एकूण बिलावर इतके टक्के सूट’ असा एकच आकडा सांगितला गेला, की सावध व्हावे. १,५०,१०० वर २० टक्के सूट दिली तरी १,२०,०८० उरतात आणि सूट मिळाल्याचे समाधान वाटते. बिल तीन भागांत तोडून मागितले की चित्र बदलते. ‘खाटेचे आणि परिचर्येचे पैसे यात आहेत का? दर कुठल्या वर्गाचे? इम्प्लांटची खरेदी किंमत किती?’ एवढे तीन प्रश्न लेखी विचारावेत. पॅकेजच्या बिलात हे तिन्ही भाग एकाच आकड्यात मिसळलेले असतात, त्यामुळे पॅकेज स्वीकारण्याआधीच विचारलेले बरे.

निधीत पैसे येतात ते असे: निर्धन आणि दुर्बल सोडून बाकी सगळ्या रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम, कुठलीही वजावट न करता, रुग्णालयाने वेगळ्या खात्यात जमा करायची आणि दरमहा त्याचे विवरणपत्र धर्मादाय कार्यालयाला, म्हणजे न्यासांवर देखरेख ठेवणाऱ्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला, पाठवायचे. देणगीदारही या खात्यात पैसे देऊ शकतो.

मघाशी रचनेतल्या ज्या हिशेबाचा उल्लेख केला तो हाच. २०० खाटांचे रुग्णालय घ्या. निर्धनांसाठी २० खाटा. एक खाट महिन्यात चार वेळा फिरली तर ८० रुग्ण बसतात. महिन्याचे बिल ५ कोटी धरले तर निधीत १० लाख जमा होतात. आपला खुब्याचा रुग्ण ८३,००० चा. असे १२ रुग्ण झाले की निधी संपला. ताप, न्यूमोनिया, साधे बाळंतपण असे कमी खर्चाचे रुग्ण धरले तर आकडा वाढतो, पण हृदय, मेंदू, कर्करोग आले की पुन्हा आटतो. खाटा दहा टक्के आणि पैसा दोन टक्के, या दोन आकड्यांचा मेळ बसत नाही. परिणाम असा की महिन्याच्या सुरुवातीला आलेल्याला जागा सापडते आणि शेवटी आलेल्याला ‘फंड संपला’ हे उत्तर मिळते, किंवा स्वस्तातले रुग्ण घेऊन टक्केवारी भरली जाते. औषधाचे दुकान किंवा तपासणी केंद्र वेगळ्या संस्थेच्या नावाने चालत असेल आणि त्याची बिले ‘एकूण बिला’त धरलीच जात नसतील, तर २ टक्क्यांचा पायाच आक्रसतो. तपासणाऱ्यांनी सर्वांत आधी पाहावे ते हे.

दिल्लीत सवलतीच्या दराने जमीन घेतलेल्या खासगी रुग्णालयांना १० टक्के आंतररुग्ण आणि २५ टक्के बाह्यरुग्ण मोफत तपासावे लागतात, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन कायम केले. तिथे अट थेट रुग्णसंख्येवर आहे, मध्ये निधीची टाकी नाही. माझ्या मते तो मार्ग सरळ आहे. महाराष्ट्राच्या योजनेला निधी असल्यामुळे हिशेब तपासता येतो, हा फायदा मोठाच. पण त्या निधीकडे मर्यादा म्हणून बोट दाखवता येते, हा तोटाही तितकाच मोठा. निधी अपुरा पडत असेल तर ते गाऱ्हाणे रुग्णालयाने धर्मादाय कार्यालयापुढे आणि देखरेख समितीपुढे मांडायचे. दारात उभ्या असलेल्या रुग्णाशी त्याचा संबंध नाही.

कागदपत्रांची बाजू कागदावर सोपी आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, किंवा शिधापत्रिका अथवा दारिद्र्यरेषेखालील कार्ड यांवरून रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाने आर्थिक स्थिती पडताळायची आणि रुग्णाची नोंद करायची. प्रत्यक्षात अडचण वेळेची येते. उत्पन्नाचा दाखला आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात मागता येतो. त्यासाठी ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, स्वयंघोषणापत्र आणि उत्पन्नाचा आधार लागतो: पगारदाराला फॉर्म १६, शेतकऱ्याला सातबारा, बाकीच्यांना तलाठ्याचा अहवाल. लोकसेवा हक्काच्या मुदतीप्रमाणे १५ दिवस. खुबा मोडलेला माणूस १५ दिवस थांबू शकत नाही. म्हणून घरात दीर्घ आजाराचा किंवा वृद्ध माणूस असेल तर हा दाखला आजारपणाआधीच काढून ठेवावा. दाखल झाल्यावर काढायची वेळ आलीच, तर अर्जाची पावती रुग्णालयाच्या अर्जाला जोडावी आणि रुग्णालयाकडून दाखल असल्याचे पत्र घेऊन ते तहसील कार्यालयात द्यावे.

पिवळ्या शिधापत्रिकेला सहसा हरकत येत नाही. केशरी पत्रिकेवर मात्र वाद होतो, कारण ती वार्षिक १५,००० ते १ लाख उत्पन्नाची असली तरी पुष्कळ घरांत वीस वर्षांपूर्वी काढलेली असते. रुग्णालयाने त्यासाठी ताजा दाखला मागितला तर तो देणेच शहाणपणाचे, वाद घालण्यात दिवस जातो. पांढरी पत्रिका असलेल्याने तर दाखल्यावरच भिस्त ठेवावी.

पहिल्या दिवशी काय करावे, हे सर्वांत महत्त्वाचे. बहुतेक अर्ज इथेच मोडतात. नातेवाईक घाईत दाखल करताना नेहमीच्या वर्गात सही करतात, दोन खाटांची खोली घेतात, डिपॉझिट भरतात आणि चौथ्या दिवशी आकडा फुगल्यावर सवलतीची चौकशी करतात. तेव्हा ऐकायला मिळते की आता वर्ग बदलता येत नाही. हे टाळायचे असेल तर दाखल करतानाच समाजसेवकाला भेटावे. रात्री किंवा रविवारी ते जागेवर नसतील तर दाखल विभागातच अर्ज द्यावा. अर्ज एका पानाचा पुरतो: ‘महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक खालील योजनेनुसार आमच्या रुग्णाची निर्धन अथवा दुर्बल घटकातील रुग्ण म्हणून नोंद करावी’, त्याखाली रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक, दाखल केल्याची तारीख व वेळ, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न, जोडलेल्या कागदांची यादी. दोन प्रती काढून एकीवर पोच घ्यावी. शिक्का द्यायला कुणी तयार नसेल तर तोच अर्ज रुग्णालयाच्या ईमेलवर पाठवावा, म्हणजे वेळेची नोंद राहते. खालच्या वर्गाची खाट मागावी. वरच्या वर्गाची खोली घेऊन निर्धन म्हणून नोंद मागणे टिकत नाही.

‘राखीव खाटा भरल्या आहेत’ हे उत्तर आले तर दोन गोष्टी विचारता येतात: चालू खाटा एकूण किती, आणि आज राखीव खाटांवर किती रुग्ण आहेत. २०० चालू खाटा असतील तर ४० राखीव. राखीव खाटांची स्थिती धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर पाहण्याची सोय आहे. तिथले आकडे रुग्णालयांनी भरलेले असतात, म्हणून ते नेहमी ताजे असतीलच असे नाही. तरीही पानावर ‘रिकाम्या’ दाखवलेल्या खाटेचा फोटो वेळेसह काढून ठेवला तर बोलणे लगेच बदलते. अतिदक्षता विभागाच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक आग्रहाने विचारावा.

आणीबाणीच्या प्रसंगाचा नियम वेगळा आणि कडक आहे. योजनेत स्पष्ट आहे: तातडीच्या रुग्णाला लगेच दाखल करायचे, जीव वाचवण्यासाठी लागणारे उपचार प्रकृती स्थिरावेपर्यंत द्यायचे, गरज पडल्यास मग सार्वजनिक रुग्णालयात पोचवायचे, आणि दाखल करताना डिपॉझिट मागायचे नाही. यामागे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय उभे आहेत. १९८९ च्या निर्णयाने अपघातग्रस्ताचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो वा खासगी, पहिले कर्तव्य ठरवले. १९९६ चा निर्णय पश्चिम बंगालमधला: रेल्वेतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका मजुराला सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून एकामागून एक परत पाठवले, आणि वेळेवर उपचार न मिळणे म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग असे न्यायालयाने म्हटले. अपघात विभागात डिपॉझिटची भाषा सुरू झाली तर ‘तातडीचा रुग्ण आहे, उपचार सुरू करा, कागद मागून येतील’ असे ठामपणे सांगता येते. मात्र ‘प्रकृती स्थिर’ झाल्याची नोंद कधी होते याकडे लक्ष ठेवावे, कारण त्या क्षणापासून पुढच्या खर्चाचा प्रश्न सुरू होतो. अर्ज त्याआधी आत गेलेला हवा.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेशी याची गल्लत होते. ती २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली, २०१७ मध्ये नाव बदलले, आणि आता केंद्राच्या योजनेशी जोडून कुटुंबाला यादीतल्या उपचारांसाठी वर्षाला ५ लाखांचे संरक्षण देते. आजार यादीत असेल आणि रुग्णालय अंगीकृत, म्हणजे त्या योजनेत सामील, असेल तर तिथे आधी जावे. रुग्णाला मदत करणाऱ्या योजनेच्या प्रतिनिधीचे, आरोग्यमित्राचे, टेबल असते, मंजुरी संगणकावर येते आणि समाजसेवकाच्या मनावर काही अवलंबून नसते. उपचार यादीबाहेरचा असेल, रुग्णालय त्या योजनेत नसेल किंवा मंजुरी नाकारली गेली असेल, तेव्हा राखीव खाट उपयोगाला येते. एकाच रुग्णालयात दोन्ही असतील तर दोन्ही टेबलांवर विचारावे. एका टेबलावरचा माणूस दुसऱ्या योजनेची माहिती देईल असे गृहीत धरू नये. आणि आजार साधा, निदान स्पष्ट, प्रवास शक्य असेल तर जे. जे., केईएम, ससून यांसारखी सार्वजनिक रुग्णालये आहेतच. तिथे रांग लांब आहे, पण केसपेपर काढण्याआधी कुणी उत्पन्न विचारत नाही.

या सेवेची आणखी एक उणीव भूगोलाची आहे. मोठी धर्मादाय रुग्णालये मुंबई, पुणे आणि मोजक्या शहरांत एकवटली आहेत. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या रुग्णाला त्या खाटेपर्यंत पोचायचे तर प्रवास, सोबतच्या माणसाचा मुक्काम आणि बुडालेली मजुरी हा खर्च कुठल्याच निधीत धरलेला नाही. मोफत खाटेचा लाभ प्रामुख्याने शहरातल्या आणि शहराजवळच्या गरिबांना होतो, हे मान्य केले पाहिजे.

तक्रार करायची तर आधी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी, मग जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात. मुंबईत सहधर्मादाय आयुक्त, इतरत्र जिल्ह्याप्रमाणे सह, उप किंवा सहायक धर्मादाय आयुक्त. मंत्रालय पातळीवर धर्मादाय रुग्णालयांसाठी मदत कक्षही आहे आणि रुग्ण दाखल असतानाच त्याचा उपयोग होतो. घरी गेल्यावर केलेली तक्रार चौकशीत रुतते, दाखल असताना केलेल्या तक्रारीवर फोन जातो. तक्रारीत भावनेपेक्षा आकडे लिहावेत: अर्ज दिल्याची वेळ, काय उत्तर मिळाले, कुणी दिले, बिलातल्या कुठल्या ओळी योजनेविरुद्ध आहेत. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही. खासगी शुश्रूषागृहांच्या २०२१ च्या सुधारित नियमांत रुग्णहक्कांची सनद आणि दरफलक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे, तेव्हा तो फलक कुठे आहे हेही विचारावे.

दुर्बल घटकातल्या रुग्णाच्या वाट्याला जे भरणे उरते, आपल्या उदाहरणातले निदान १९,००० रुपये, ते उभे करायला मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता कक्ष आणि सिद्धिविनायकासारखे मोठे देवस्थान न्यास यांच्याकडे अर्ज करता येतो. तिथे लागते ते रुग्णालयाच्या लेटरहेडवरचे खर्चाचे अंदाजपत्रक, सही-शिक्क्यासह. हे अंदाजपत्रक सवलत लावून झाल्यावरचे घ्यावे. १,५०,१०० चे पत्र घेऊन गेले तर मदत देणाऱ्याला खरा आकडा कळत नाही, आणि तेच जुने पत्र पुढे बिलाचा आधार म्हणून पुढे केले जाण्याची भीती असते.

रुग्णाला घरी सोडतील त्या दिवशी डिस्चार्ज कार्डाबरोबर अंतिम बिलाची तीन भागांत फोडलेली प्रत मागून घ्यावी आणि तिच्यावर निधीतून वळती केलेली रक्कम लिहिलेली आहे का ते पाहावे. टाके काढायला, तपासणीला किंवा पुन्हा दाखल व्हायला यावे लागले की ‘मागच्या वेळी निर्धन म्हणून नोंद होती’ याचा पुरावा तोच. उत्पन्नाच्या दाखल्यावरची मुदतीची तारीख त्याच प्रतीच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी, म्हणजे ती संपण्याआधी नवा दाखला काढता येतो.